भात्याचं जाड कातडं

वस्तू अजून बोलायच्या आणि गावात दवाखाना नुकताच आला होता, तेव्हाची गोष्ट. भिवा लोहाराच्या भट्टीवर कातड्याचा एक भाता होता. वारा घालून विस्तव फुलवणं हेच त्याचं आयुष्य. त्याच्या तोंडाशी लोखंडी नळी होती आणि तिच्या घशात काजळी साचत चालली होती.

"दादा, माझा गळा आवळत चाललाय," नळी म्हणाली.

"घाबरू नकोस बाई. मी जरा जास्त जोर लावतो," भाता म्हणाला.

जोर लावला तशी त्याची शिवण ताणली. भिवानं वरून आणखी एक कातडं शिवलं. मग पुन्हा ताण, पुन्हा कातडं. बिचारा अंगानं दणकट होत गेला. येणारेजाणारे म्हणायचे, "काय भक्कम भाता आहे!" आणि तो फुगायचा.

पण एके सकाळी तो नीट उघडेचना. जाड कातडं ताठरलं होतं, आतली जागा आक्रसली होती. आत वाराच मावेना, तर बाहेर काय सोडणार? विस्तव काळवंडला. भिवा पुन्हा दाभण घेऊन बसला.

"त्याला किती शिवाल? आधी नळी बघा!" म्हणत त्याच्या बायकोनं, सगुणानं, नळीत सळई फिरवली. भसाभस काजळी पडली. "रक्ताचा दाब वाढला की हृदयही असंच जाड होऊन ताठरतं, डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलं होतं ना? आज गोळी घेतलीत?"

भिवा भात्याचं जादा कातडं उसवू लागला.

"माझं उसवता येतं रे बाबा," भाता हळूच म्हणाला, "तुझं कोण उसवणार?"