टिटवीचं उरलेलं अंडं

“माझं कुणी खरं मानलंच नाही!” फार वर्षांपूर्वी माळावरची टिटवी रडत होती. तिच्या चार अंड्यांतली तीन चोरीला गेली होती. माळाचे राखणदार घोरपडमामा म्हणाले, “ही बया ढगाच्या सावलीलाही ओरडते. चोर असलाच, तर ती धामण. हाकला तिला!” आणि ते निघून गेले.

“आई आहे ती, ओरडणारच,” धाकट्या बहिणीसोबत आलेली सशाची थोरली पोर म्हणाली. “मावशी, तू अंड्यावरून उठू नकोस. आम्ही दोघी माग काढतो.”

मातीत लांब रेघ उमटली होती. “बघा, धामणच!” सगळे ओरडले.

“डोळे फुटले का?” थोरली म्हणाली. “ रेघेच्या दोन्ही अंगांना नखं उमटलीत. धामणीला पाय असतात होय?”

माग धरून पोरी निघाल्या, मागोमाग सगळा माळ. माग ज्या बिळात शिरला, त्याच्या तोंडाशी उभी राहून धाकटी ओरडली, “या बाहेर, घोरपडमामा!”