टिंगीचं घर आणि दादाची सायकल

एक होती सायकल. तिला होता दिवा. दिव्याची काच फुटकी. आत कापसाची गादी. गादीवर राहायची टिंगी. टिंगी म्हणजे बोटाएवढी उंदरीण.

सायकल होती दादाची. जुनी, तीन गिअरची. दादा आता नाही. सायकल गंजली.

म्हादू दादाचा धाकटा भाऊ. म्हादू म्हणाला, "दादाची सायकल नवी करतो!" पाना घेतला. खटर खटर, खटर खटर! सगळं सुटं केलं.

दादा सुटे भाग पेपरवर ओळीने मांडायचा. म्हादूने सगळे एका घमेल्यात टाकले. घासून घासून लखलखीत केले.

पण आता आधी काय बसवायचं? म्हादूला कळेना.

टिंगी दिव्यात शिरली. दिवा हलला. डुगुडुगु डुगुडुगु, धप्प! टिंगी बाहेर.

"दिव्या दिव्या, नीट बस. माझं घर गेलं!"

दिवा म्हणाला, "बसू कशावर? आधी हँडल बसू दे."

टिंगी गेली हँडलकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"हँडला हँडला, तू बस. हँडल बसेल, दिवा बसेल, मला घर मिळेल."

हँडल म्हणालं, "चाकाशिवाय सायकल उभी राहते का गं, वेडे? आधी चाक बसू दे."

टिंगी गेली चाकाकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"चाका चाका, तू बस. चाक बसेल, हँडल बसेल, दिवा बसेल, मला घर मिळेल."

चाक म्हणालं, "माझ्या पोटात तीन गिअर. तिन्ही कोरडे ठाक. करकर करतात. आधी तेल पडू दे."

टिंगी गेली तेलाच्या कुप्पीकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"कुप्पीताई कुप्पीताई, तेल दे. तेल पडेल, चाक बसेल, हँडल बसेल, दिवा बसेल, मला घर मिळेल."

कुप्पी म्हणाली, "मला का हात आहेत? आधी म्हादू उठू दे."

टिंगी गेली म्हादूकडे. तुरुतुरु तुरुतुरु. म्हादू डोकं धरून बसलेला. डोळ्यांत पाणी.

"म्हादू म्हादू, ऊठ. म्हादू उठेल, तेल पडेल, चाक बसेल, हँडल बसेल, दिवा बसेल, मला घर मिळेल."

"उठून काय करू? आधी काय, मग काय? दादाला सगळं यायचं. दादा कुठे गेला गं?"

टिंगी गोंधळली. तिला कुठे माहीत? तिला एवढंच येत होतं. तेच तिने पुन्हा म्हटलं.

"म्हादू उठेल, तेल पडेल, चाक बसेल, हँडल बसेल, दिवा बसेल, मला घर मिळेल."

म्हादूने नाक पुसलं. "थांब थांब! आधी तेल? मग चाक? मग हँडल? मग दिवा? अगं, दादाची ओळ अशीच असायची!"

म्हादू उठला. टुण्णकन!
तेल पडलं. टुपुक टुपुक.
चाक बसलं. घर्रर्र.
हँडल बसलं. खट्ट.
दिवा बसला. किर्र किर्र.
टिंगीला घर मिळालं.

"नवी काच लावू?" म्हादूने विचारलं.

"नको रे बाबा! ते माझं दार आहे."

म्हादू सायकलवर बसला. गिअर पडले. टक्. टक्. टक्.

"टिंगे, दादा कुठे गेला असेल?"

"मला नाही माहीत," टिंगी म्हणाली. "तुला?"

"मलापण नाही."

"मग चल, एक चक्कर मारू."

सायकल वळली कोपऱ्यावरून,
गोष्ट उतरली सीटवरून!