गुळवेल आणि दोन बागा

फार फार पूर्वी एका नदीकाठी संत्र्यांच्या दोन बागा होत्या. मधे नुसता बांध. अलीकडची बाग एका माळणीची, पलीकडची तिच्या मानलेल्या भावाची. त्याच्याशिवाय तिला माहेर असं नव्हतंच.

माळणीची एकुलती एक लेक तापाने गेली. जाण्याआधी तिने बांधावरच्या कडुनिंबावर गुळवेल चढवला होता. लेक गेली आणि वेल फोफावला. माळीण रोज त्याच्याशी बोलत बसे. कुणी तिला वेडी म्हणो, आईच ती.

पुढे ऐन पिकायला आलेली संत्री गळू लागली. प्रत्येक फळाला टाचणीएवढं भोक, भोवती सडका डाग. लोक म्हणाले, दृष्ट लागली. भावाला ते पटेना. दिवेलागणीला तो टेंभा घेऊन बागेत उभा राहिला, तेव्हा चोर सापडला. वाळक्या पानाच्या रंगाचा एक पतंग फळात सोंड खुपसून रस पीत होता. सकाळी शोधता शोधता त्याच पतंगाच्या अळ्या गुळवेलाची पानं खाताना दिसल्या.

"बाई, हा वेल काढू या," भाऊ म्हणाला. "पडलेली फळं पुरून टाकू, संध्याकाळी पाल्याचा धूर करू. बागा वाचतील."

"माझ्या लेकीच्या हातचा आहे तो. फळं काय, पुढच्या वर्षी येतील."

दोन वर्षं भाऊ एकटाच धूर करत राहिला, पडलेलं फळ न् फळ उचलून पुरत राहिला. इकडे वेलावर नवे पतंग निपजतच होते.

तिसऱ्या वर्षी कुऱ्हाडीचा आवाज ऐकून माळीण बांधावर धावली. भाऊ स्वतःची झाडं तोडत होता.

"दादा, इतकं झालं होतं तर मला सांगायचंस ना!"

"सांगितलं होतं, बाई," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, म्हणून तिला जास्तच लागलं. त्याच आठवड्यात बिऱ्हाड गाडीत घालून तो परमुलखात निघून गेला.

माळणीने रडत रडत वेल मुळासकट उपटला. धूर केला, फळं पुरली. पुढच्या वर्षी तिची बाग लगडली. पण भाऊबीजेला, ज्यांना भाऊ नसतो त्या बायकांसारखं तिने चंद्राला ओवाळलं.

गेलेल्याची आठवण जरूर जपावी, पण तिचा भार जवळ उरलेल्या माणसावर टाकू नये.