पत्र्याची पट्टी

सायकलीचे भाग एकमेकांशी भांडत, त्या काळातली ही गोष्ट. ऋजुताच्या शर्यतीच्या सायकलीला पायांची ताकद मोजणारा नवा क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, आणला. त्याचा एक्सल, म्हणजे मधला आस, बारीक आणि जुन्या बेअरिंगचं भोक मोठं. मिस्त्रीने फटीत पत्र्याची पट्टी ठोकून दिली.

बेअरिंग भडकलं. "अरे शहाण्या, येण्याआधी माझं माप विचारायला तोंड नव्हतं का? उद्या पोरीची शर्यत आहे!"

"मी ताकद मोजतो, म्हातारबा. भोकं नाही," क्रँक हसला.

"माझा चुरा झाला तर तिची वर्षभराची मेहनत मातीत जाईल, मेल्या!"

दुसऱ्या दिवशी ऋजुता शर्यतीतला पोहण्याचा टप्पा संपवून आली आणि सायकलीवर बसली. पहिल्याच चढावर पट्टी सरकली, बेअरिंग फुटलं. पोर रडत, घामाने निथळत सायकल ढकलू लागली.

क्रँक तिची ताकद शून्य दाखवत होता.