बंद पेटीतली किरकिर

फार जुन्या काळची एक दुपार, वेळ अडीचची. शोभेच्या कागदाचे अल्बम आणि भेटपेट्या बनवणाऱ्या दुकानात कारागीर जेवून आडवे झाले होते. मेजावर एक नवी पेटी होती. ती चहूबाजूंनी बंद होती, तिला झाकणच नव्हतं, आणि आतून रातकिड्याची किरकिर येत होती.

त्याला सगळे ओळखत. कात्रीने चांगला कागद वाया घालवला की तो बोंब मारायचा.

"काढा त्याला बाहेर, गुदमरेल तो!" हाडपट्टी ओरडली. दुमडण्याआधी कागदावर घडीची रेघ दाबायचं काम तिचं.

"मी फक्त कागद कापला," कात्री म्हणाली.

"मी फक्त चिकटवला," खळ म्हणाली. "आणि बाईसाहेब, रेघा कुणाच्या?"

रेघा तिच्याच होत्या. पेटी कशासाठी, हे तिनं विचारलंच नव्हतं.

किरकिर मंदावली. "वाळताना कागद कुरकुरतोच गं," कात्री हसली.

हाडपट्टीला धार नव्हती. पण दाबल्या रेघेवर कागद हळवा होतो, हे तिला ठाऊक होतं. ती आपल्याच रेघेवर जीव खाऊन दाबत राहिली. अखेर कागद फाटला. रातकिडा बाहेर आला, जिवंत, पण मुका.

त्याच्यामागून मूठभर पंख सांडले, वाळून कोळपलेले, दुसऱ्याच रातकिड्यांचे.

पेटी तर कारागीर आडवे झाल्यावर बनली होती. ते पंख तिच्यात कुठून आले, हे आजतागायत कुणी सांगितलेलं नाही.