सोमवारचा घाणा

बोरगव्हाणच्या वेशीबाहेर, बेलाच्या तीन जुन्या झाडांखाली श्री बेलगिरी महाराजांचं वास्तव्य होतं. अंगावर एक कांबळं, हाताशी पाण्याचा एक तुंबा, एवढाच त्यांचा संसार. महाराज फार बोलत नसत. बोलले तर मात्र समोरच्याला आपलं मन उघडं पडल्यासारखं वाटे. त्यामुळे गावातले पुष्कळ लोक दुरूनच नमस्कार करून सटकत, हेही भाविकांनो, खरं तेच सांगायला हवं!

त्या गावात मलकाप्पा तेली राहत असे. एक घाणा, एक बैल आणि बायको गंगव्वा. गावच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत दीपमाळेला तेल घालण्याचा मान त्याच्या आजोबांपासून त्याच्या घरात होता. यात्रेला आलेले लोक देवळातलं निर्मळ तेल बघत आणि घरच्यासाठी त्याच्याकडूनच घेऊन जात. त्यावर त्याचं वर्ष निघे. मान गेला असता तर घाणा बंद पडायला वेळ लागला नसता.

मलकाप्पाच्या घरची एक रीत होती. सोमवारी बैल जुंपायचा नाही. महादेवाचा वार, त्याच्या वाहनाला विसावा. सोमवारी मलकाप्पा बैलाला धुई, कपाळाला भस्म लावी आणि हिरवी वैरण घालून सावलीत बांधी. गिऱ्हाईक आलं तर हात जोडून म्हणे, "उद्या या की हो."

ही रीत ज्यांच्या डोळ्यांत सलत असे ते म्हणजे नागोशेठ महाजन. त्यांचे सहा घाणे होते, आणि ते आठवड्याचे सातही दिवस करकरत असत. शेठ यात्रेच्या पंचांत मुख्य होते आणि देवळाच्या मानावर त्यांचा कधीपासून डोळा होता. चारचौघांत ते हसून म्हणत, "बैलाला कुठला सोमवार कळतोय? आळशी माणसाला मात्र बरोबर कळतो!"

त्या वर्षी यात्रा मंगळवारी आली. दहा घागरी तेल सोमवारी दिवेलागणीच्या आत देवळात पोचायचं होतं. मलकाप्पाने चार घागरी काढल्या आणि गुरुवारी घाण्याची लाट, म्हणजे बिया चिरडणारा तो जाड सोट, उभी चिरून गेली. सुताराने नवी घडवून बसवली तेव्हा रविवारचा सूर्य मावळला होता. उरला एकच दिवस, आणि तोही सोमवार!

मलकाप्पा पंचांकडे गेला. "मंगळवारी संध्याकाळपर्यंत मुदत द्या, मायबाप."

नागोशेठ म्हणाले, "देव तुझ्यासाठी थांबायचा का रे? उद्या बैल जुंप आणि तेल आण. नाहीतर मान सोड. माझ्याकडं तेल तयार आहे."

तिथून मलकाप्पा थेट महाराजांकडे आला आणि सगळं सांगून म्हणाला, "महाराज, एका सोमवारी जुंपला तर चालंल का?"

महाराज म्हणाले, "मलकाप्पा, तू विचारायला आलास, की मी 'हो' म्हणावं म्हणून आलास?"

मलकाप्पाने मान खाली घातली. मग तो म्हणाला, "देवाचा बैल राबवून देवालाच तेल कसं घालू? नाही जुंपायचा मी. मान गेला तर जाऊ दे."

"ठरलं ना? मग घरी जा," महाराज म्हणाले.

सोमवारी उजाडताच मलकाप्पाने बैलाला धुऊन सावलीत बांधला. गंगव्वा घाण्यापाशी उभी होती.

"मामंजींनी काय सांगितलं होतं? बैल जुंपायचा नाही, एवढंच ना?"

"एवढंच."

"मग आपल्याला कुणी अडवलंय?" असं म्हणून तिने पदर खोचला आणि घाण्याच्या आडव्या लाकडाला छाती लावली. मलकाप्पाही शेजारी उभा राहिला. साठीला टेकलेली ती दोघं, आणि बैलाचं काम! चार फेऱ्या कशाबशा झाल्या, पाचव्या फेरीला लाकूड जागचं हलेना. तरी दोघांपैकी एकानेही लाकूड सोडलं नाही.

तेवढ्यात दारातून महाराज आत आले. त्यांच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशी ती काया! त्यांनी लाकडावर एक हात ठेवला. "शिवाचं नाव घ्या आणि चला."

आणि काय आश्चर्य! तो जड घाणा फिरू लागला. गंगव्वा बिया घालत गेली, तेलाची धार लागली ती खळेचना. जे तेल निघायला बैलालाही अख्खा दिवस लागला असता, ते ऊन कलायच्या आत पाच घागरी भरून निघालं. बघायला अर्धा गाव लोटला.

गर्दी पाहून नागोशेठही आले. "काय रे मलकाप्पा, बैल सावलीत बांधलास आणि बायको जुंपलीस होय!"

महाराज हसले. "शेठ, आम्ही तिघंही जुंपलेलो आहोत. आता एक घाणी, एकाच घागरीचं तेल राहिलंय. ती तुमच्या हातची होऊ द्या. देवाचंच काम आहे, या."

लोकांदेखत नाही कसं म्हणणार? शेठांनी उपरणं बाजूला ठेवलं आणि लाकडाला हात लावला. तिघेही दूर झाले. शेठांनी जोर केला, घाणा जेमतेम हलला. दोन फेऱ्यांत घामाच्या धारा लागल्या, तिसऱ्या फेरीत श्वास फुलला. त्यांनी थांबायचं ठरवलं, पण हात लाकडावरून सुटेना आणि पाय थांबेनात! मानेवर जू ठेवल्यासारखा भार पडला होता. शेठ फिरत राहिले, फिरत राहिले.

"महाराज, थांबवा! मी मरेन!" ते रडत ओरडले.

"शेठ, तुमच्या दावणीचे बैल रोज हेच सांगतात," महाराज शांतपणे म्हणाले. "तुम्हांला कधी ऐकू आलं?"

त्यांनी शेठांच्या पाठीवर हात ठेवला, तसे हात सुटले. घाण्याखालची दहावी घागर काठोकाठ भरली होती. शेठांच्या मानेवर मात्र लालभडक वळ उठला होता. ते मलकाप्पापुढे हात जोडून म्हणाले, "मान तुमचाच, अप्पा. तुमच्या घरचाच राहील. चुकलो मी." आणि महाराजांच्या पायांवर कोसळले.

महाराजांनी पाय मागे घेतले. "इथं नको, शेठ. अजून दिवस मावळायचाय. जिथं थांबवायचं राहिलंय, तिथं जा."

मलकाप्पा आणि गंगव्वा शेवटची घागर घेऊन देवळाकडे निघाली आणि नागोशेठ अनवाणीच घराकडे धावले. त्यांचे सहाही घाणे चालूच होते. गड्यांना बाजूला सारून त्यांनी स्वतः एकेक बैल सोडला, डोळ्यांवरची झापडं काढली. सगळ्यांत म्हाताऱ्या बैलाची मान जुवाने सोलून निघाली होती. इतकी वर्षं तो बैल दारात होता, पण शेठांनी ती जखम आज पहिल्यांदा पाहिली. त्यांनी त्यावर आपल्या हाताने हळद-तेल लावलं. मग गोठ्याच्या शेणामातीत गुडघे टेकून बोरगव्हाणच्या त्या सर्वांत श्रीमंत माणसाने बैलाच्या खुरांवर आपलं डोकं ठेवलं.