न हललेली कळशी

"मग माझी शक्ती तुमच्या चौपट झाली ना, सर?"

सुहासने डोंगराखालच्या विहिरीवरून भरलेली कळशी न थांबता वर आणली होती. घैसास सरांना त्याच चढाला चौपट वेळ लागायचा.

"आपलं वजन सारखं धरलं तर, हो," सर म्हणाले. "काम तेवढंच, वेळ पाव. शक्ती चौपट."

शाळेत हे त्यांनीच त्याला शिकवलं होतं. बायको गेल्यावर ते डोंगरावरच्या देवळालगत एका खोलीत राहायला आले. वर फारसं कोणी येत नसे. सुहास आता पंपांच्या कारखान्यात मोठा इंजिनीअर होता. सुट्टी काढून गावी आला होता.

"आप्पा कसे आहेत?" सरांनी त्याच्या वडिलांची चौकशी केली.

सुहासने कळशी खाली ठेवली.

"आई गेल्यापासून ओटीवर बसून असतात. बागेत जात नाहीत, पेपर उघडत नाहीत. आणि वर दमलो दमलो म्हणतात. काल मी बोललोच... म्हटलं, दिवसभर काहीच न करता माणूस दमतो कसा?"

"मग?"

"मग काही नाही. उठून आत गेले."

सरांनी कळशीकडे बोट दाखवलं.

"ती कळशी उचल. छातीशी नको, हात पुढे करून धर. हलवू नकोस."

सुहासने धरली. त्याला हसू आलं होतं.

वारा वाहत होता. थोडा वेळ गेला...

सुहासचं हसू गेलं. दंड थरथरू लागले. पाणी काठावरून सांडलं.

"काम किती झालं?"

"शून्य." सुहासने दात आवळले होते. "कळशी जागची हलली नाही."

"आणि शक्ती?"

"तीही शून्य."

"मग दमलास कशाने?"

"स्नायूंमध्ये..." त्याने सुरुवात केली आणि थांबला. "सर, ठेवू?"

"ठेव."

त्याने कळशी पायरीवर टेकवली. दंड चोळत तो उभा राहिला. खाली झाडांमधून त्याच्या घराची कौलं दिसत होती. तो तिकडेच बघत होता.

मग त्याचं लक्ष सरांच्या खोलीकडे गेलं. दोरीवर एकच धोतर वाळत होतं. दाराशी एकच पाट.

"आणि तुम्ही, सर? इथे एकटे..."

सरांनी कळशीवर झाकण ठेवलं.

सुहासने चपला घातल्या. पायरीशी येऊन तो घुटमळला.

"आप्पांना जाऊन काय सांगू?"

"सांगू नकोस काही. शेजारी बस..."

सर आत वळले.

"काम शून्यच होईल."